किती वाव पाणी?

*या वेळचं पत्र देवगड तालुक्यातून आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते आहे.*

*"मावशी, मी अठ्ठावीस वर्षांची. मुंबईत मराठी घेऊन एम.ए. केलं, तीन वर्षं नोकरी केली. गेल्या वर्षी बाबा गेले आणि मी गावी परत आले. घरी आई आहे, बाबांनी लावलेली सत्तर कलमं आहेत. दादा पुण्यात असतो. काम रेटते आहे, पण आत काहीच हलत नाही. संध्याकाळी सड्याच्या, म्हणजे कातळपठाराच्या, टोकाला जाऊन बसते. खाली समुद्र. वहीच्या पहिल्या पानावर एक वाक्य उतरवून ठेवलंय : तुम्ही गर्तेत फार वेळ पाहत राहिलात तर गर्ताही तुमच्या आत पाहू लागते. रोज वाचते. आता ते खरं व्हायला लागलंय. कधी कधी कडेला उभी असताना खालून कुणी ओढतंय असं वाटतं. मला मरायचं नाहीये, पण ओढ वाटते. आई म्हणते, 'तिन्हीसांजेक दर्याकडे बघत बसू नको गो.' दादा म्हणतो, पुस्तकांनीच तुला हे लावलंय, वाचणं बंद कर. शेजारचे होडीवाले काका 'चल गरवायला' (गळाने मासे धरायला) म्हणतात, पण जायला जीव होत नाही. साहित्यातली ही गर्ता वाचून माझ्यात उतरली, की माझ्यात होती म्हणून मला साहित्यात दिसते? वाचणं सोडू का? सोबत आठ कविता पाठवते आहे. – सड्यावरची"*

बाय,

तुझं पत्र काल दुपारी वाचलं आणि आज उत्तराला बसले. एरवी या सदरातली पत्रं आठवडाभर माझ्या उशाशी असतात. तुझ्या पत्रातली एक ओळ तेवढा वेळ थांबण्यातली नाही, म्हणून आधी तिच्याबद्दल बोलू. साहित्य नंतर.

'मला मरायचं नाहीये, पण ओढ वाटते.' हे तू लपवलं नाहीस, लिहून पाठवलंस, याचं मला फार बरं वाटलं. उंचावर उभं राहिलं की ही ओढ कितीतरी जणांना वाटते. कड्यावर, पुलावर, साध्या गच्चीवरसुद्धा. अमेरिकेतल्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या मनात आत्महत्येचा विचार कधीच आला नव्हता, अशांनाही ती ओढ जाणवलेली होती. त्यांचा तर्क असा की धोका दिसताच शरीर आपल्याला झटक्यात मागे घेतं आणि मन नंतर त्या झटक्याचा अर्थ लावत बसतं : मी मागे का सरले? म्हणजे मला उडी मारायची होती की काय? मागे खेचणारा हात आपलाच असतो, आणि आपल्याला वाटतं खालून कुणीतरी ओढलं. तेव्हा एवढ्यावरून स्वतःला वेडी ठरवू नकोस.

पण मला इथून तुझा चेहरा दिसत नाही, म्हणून स्पष्ट विचारते. तूही स्वतःला स्पष्ट उत्तर दे. ही ओढ फक्त कड्यावर वाटते की रात्री अंथरुणात पडल्यावरही? झोप लागते का? जेवण जातं का? 'आपण नसलो तर बरं' असं मनात येऊन जातं का? यातल्या एका जरी प्रश्नाशी तू अडलीस, तरी हे पत्र बाजूला ठेव, आईला हाक मार, आणि १४४१६ या नंबरावर फोन कर. टेलि-मानस ही सरकारची सेवा आहे, २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि उत्तरं काहीही आली तरी रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात किंवा तुला जवळ पडेल तिथल्या मनोविकारतज्ज्ञांकडे एकदा जाऊन ये. वर्ष उलटूनही आत काही हलत नाही, ही गोष्ट डॉक्टरांनी ऐकायची आहे. मी एकटीने ऐकून भागणार नाही. औषध दिलं तर घे. औषधाने कविता आटतात अशी भीती लिहिणाऱ्या मुलांच्या मनात असते, मी वर्गात पाहिली आहे. ती काढून टाक.

आणि सड्यावर बसायचंच असेल तर कडेपासून वीस पावलं मागे बस. पाऊस पिऊन जांभ्याची कड खालून पोकळ होते आणि न सांगता सुटते, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

आता तुझ्या वाक्याकडे येऊ.

ते नीत्शे या जर्मन तत्त्वज्ञाचं आहे. त्याच्या १८८६ सालच्या पुस्तकात त्याला १४६ हा क्रमांक आहे. तू त्यातलं अर्धंच उतरवलं आहेस. बहुतेक सगळे अर्धंच उतरवतात, कारण ते अर्धं भिंतीवर छान दिसतं. त्याच्या आधी तो म्हणतो की जो राक्षसांशी झुंजतो त्याने आपणच राक्षस होणार नाही ना हे सांभाळावं. मग गर्तेचं वाक्य येतं. म्हणजे तो बोलतो आहे लढणाऱ्याशी. वाईटाचा पाठलाग करणाऱ्याला वाईटाची सवय लागते, असा तो इशारा आहे. तू कुणाशी लढते आहेस? मला तर तुझ्या पत्रात राक्षस कुठे दिसला नाही. मला बाप गेलेली मुलगी दिसली, सत्तर कलमं दिसली, आणि संध्याकाळी हाक मारणारी आई दिसली. ते वाक्य तुझ्यासाठी लिहिलेलंच नव्हतं, आणि तू वर्षभर ते स्वतःच्या नावाने वाचते आहेस.

तुझ्या कविता वाचल्या. हातात पेन्सिल होती, सवयीने मोजलं. आठ कवितांत 'गर्ता' अकरा वेळा आहे आणि 'अथांग' सहा वेळा. 'बाबा' एकदाही नाही.

'अथांग' या शब्दावर जरा थांबू, कारण तो तुझ्या फार उपयोगाचा आहे. ग्रीकांनी ज्याला आब्युसोस म्हटलं आणि युरोपातल्या बऱ्याच भाषांनी जो शब्द उचलला, त्याचा अर्थ 'ज्याला तळ नाही ते'. तो शब्द पाण्याविषयी निकाल देऊन मोकळा होतो. आपण काय म्हणतो? थांग लागत नाही. ठाव लागत नाही. हे शब्द मोजणाऱ्याविषयी आहेत. मी दोरी सोडली, ती तळाला टेकली नाही, एवढंच त्यात कबूल केलेलं आहे. तळ नाहीच असं त्यात कुणी म्हटलेलं नाही. दोरी लांबवली तर टेकेलही. आपल्या भाषेने ही जागा मोकळी ठेवली आहे, आणि तू कवितेत नेमकी तीच बुजवते आहेस.

होडीवाल्या काकांना विचार, खाडीच्या तोंडाशी पाणी किती? ते मीटर सांगणार नाहीत. 'पाच वाव' असं काहीतरी म्हणतील. दोन्ही हात आडवे ताणले की या हाताच्या बोटांपासून त्या हाताच्या बोटांपर्यंत जेवढं अंतर, तो एक वाव. संस्कृतात त्याला व्याम म्हणतात. सहा फुटांच्या आसपास. शिशाचं वजन बांधून दोरी सोडायची, ती ढिली पडली की तळ लागला, मग वर घेताना छातीसमोर हात फाकत मोजत यायचं. एक वाव, दोन वाव. इंग्रजांचा फॅदमसुद्धा मुळात पसरलेले दोन हातच. कुणाला मिठी मारायला जसे हात उघडतो तसे उघडून माणसांनी समुद्र मोजला आहे. आणि मराठीत 'वाव आहे' म्हटलं की अजून जागा आहे असा अर्थ होतो, हेही तुला आठवेल.

याच मापाने जगातली सगळ्यात मोठी गर्ता पहिल्यांदा चाचपली गेली. 'चॅलेंजर' नावाचं इंग्रजी जहाज १८७२ ते १८७६ समुद्र मोजत फिरत होतं. २३ मार्च १८७५ रोजी पश्चिम पॅसिफिकमध्ये त्यांनी दोरी सोडली आणि ती ४,४७५ वावांवर टेकली. पुढे तिथेच जवळपास याहून खोल जागा सापडली. २३ जानेवारी १९६० ला जाक पिकार आणि डॉन वॉल्श हे दोघे 'त्रिएस्त' या पाणबुडीसारख्या यानातून तिच्या तळाशी उतरले. सुमारे १०,९०० मीटर खोल. उतरायला जवळजवळ पाच तास लागले. वाटेत यानाच्या एका खिडकीला तडा गेला. तळावर ते वीस मिनिटं होते, मग वर आले. पृथ्वीवरच्या सगळ्यात खोल खड्ड्यालाही तळ आहे, आणि त्यावर मऊ गाळ आहे.

याहून मला आवडते ती एडवर्ड फोर्ब्झची गोष्ट. हा चांगला निसर्ग-अभ्यासक होता. त्याने एजियन समुद्रात जाळी ओढून पाहिली. जसजसं खोल जावं तसतसे जीव कमी होत गेले, म्हणून १८४३ मध्ये त्याने मांडलं की ३०० वावांच्या खाली जीवसृष्टी नसावी. बरीच वर्षं पुष्कळांनी ते मानलं. त्याची जाळी त्या कामाला तोकडी होती आणि त्याने निवडलेला समुद्रही मुळात जीवांनी विरळ. पुढे खुद्द चॅलेंजरने त्याच्या कितीतरी खालून जिवंत प्राणी वर काढले. फोर्ब्झ खोटारडा नव्हता. त्याला जे हाती लागलं ते त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. तूही प्रामाणिकपणेच लिहिलं आहेस की 'आत काहीच हलत नाही'. मी तुझ्यावर विश्वास ठेवते. फक्त जाळी कुठवर गेली होती, एवढं विचारते.

शाळेत भूगोलात सागरतळाचं चित्र काढलं असशील. किनाऱ्यालगत समुद्रबूड जमीन, मग खंडान्त उतार, मग सागरी मैदान, आणि कुठे कुठे गर्ता. सड्यावरून तुला दिसतो तो सगळा समुद्र समुद्रबूड जमिनीवरचा आहे. आपल्याच भूमीचा बुडालेला काठ. आणि शास्त्रज्ञ ज्या भागाला ग्रीक शब्दावरून 'तळ नसलेला' असं नाव देऊन बसले, चार ते सहा हजार मीटरचा तो पट्टा, तिथे बहुतेक ठिकाणी कडे नाहीत, खड्डे नाहीत. तिथे मैदान आहे, मैलोन् मैल सपाट, पृथ्वीवरच्या सगळ्यात सपाट जागांपैकी एक. ऊन पोचत नाही, काही उगवत नाही. वरच्या पाण्यात जे मरतं, सुटतं, झडतं, त्याचे बारीक कण खाली येत राहतात. पोचायला आठवडे लागतात. तेवढ्यावर तिथले जीव जगतात.

हे मी लांबण लावून सांगते आहे, कारण मला वाटतं तुझं दुखणं पडण्याचं नाही. तुझ्या कवितांत सारखी कुणीतरी कोसळते आहे. पण पत्रात तू लिहितेस 'काम रेटते आहे', 'काहीच हलत नाही'. हे कोसळणाऱ्या माणसाचे शब्द नव्हेत. हे त्या मैदानावरच्या माणसाचे शब्द आहेत. माझे यजमान गेले त्यानंतरचं दीड वर्ष मी तिथे होते. कॉलेजात तास घेत होते, घरी कुकर लावत होते, आणि सगळं एका उंचीचं झालं होतं. मीही तेव्हा दरी, खाई असलेच शब्द जवळ केले, कारण त्यांत निदान काहीतरी घडत होतं. माझ्यासोबत शिकवणारी एक बाई रोज संध्याकाळी यायची. काही समजवायची नाही. परातीत कुळीथ घेऊन निवडत बसायची, मलाही थोडे पुढ्यात सरकवायची. तेवढाच कण. मी त्यावर जगले, असं आता मागे पाहताना दिसतं. तेव्हा तसं काही वाटलं नव्हतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर : गर्ता पुस्तकातून तुझ्यात उतरली नाही. बाबा गेले म्हणून ती पोकळी झाली, आणि पुस्तकांनी तुला एक शब्द दिला. दादाचं एका बाबतीत खरं आहे. रोज तेच एक वाक्य उघडून बघणं याला मी वाचणं म्हणणार नाही. पण त्यावरचा उपाय वाचन सोडणं हा नाही. जास्त वाच, दुसरं वाच, दिवसाउजेडी वाच, आणि काही आईला मोठ्याने वाचून दाखव.

जुन्यापासून सुरुवात करू. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२९वं सूक्त, नासदीय. सगळ्याच्या आधी काय होतं हे तो कवी विचारतो आहे : 'अम्भः किमासीद् गहनं गभीरम्', गहन, खोल असं पाणी होतं का? तुझ्या सड्यावरून विचारावा असाच प्रश्न. पण पुढे पाचव्या ऋचेत बघ काय आहे. 'तिरश्चीनो विततो रश्मिरेषाम्', त्यांची दोरी आडवी ताणलेली होती. रश्मी म्हणजे किरण, आणि रश्मी म्हणजे दोरीही. 'खाली होतं काही? वर होतं काही?' असं तो लगेच विचारतो. त्या अफाट अंधारात कवींनी पहिली गोष्ट कोणती केली, तर दोरी ताणली. मी पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, पण या ओळीशी आले की अजून अंगावर काटा येतो.

इटालियन कवी दान्तेची नरकयात्राही वाच, जमेल तशी. त्याचा नरक म्हणजे खाली खाली अरुंद होत जाणारा खड्डा आहे. तळाशी आग नाही, बर्फ आहे. बाहेर पडायची वाट वर परत फिरून नाही, तळ ओलांडून पलीकडे निघते, आणि बाहेर आल्यावर तारे दिसतात. त्याच्यासोबत पूर्ण वेळ व्हर्जिल आहे, एक जुना कवी. तो एकटा उतरलेला नाही.

आणि आपली ती गवळण, विष्णुदास नाम्याची : 'रात्र काळी, घागर काळी, यमुनाजळेंही काळी वो माय'. आईला येत असेल, विचार. रात्र काळी, पाणी काळं, बुंथ म्हणजे डोक्यावरचा पदर काळा, गळ्यातली एकावळी काळी, कांचोळी म्हणजे चोळी काळी, मीही काळी. काळोखाची इतकी दाट वीण मराठीत दुसरी मला माहीत नाही. तुझ्या अकरा गर्ता तिच्यापुढे फिक्या आहेत, हे मी प्रेमाने म्हणते. आणि या सगळ्या काळ्याच्या मधोमध ती काय म्हणते? 'एकली पाण्यासी नवजाय साजणी, सवें पाठवा मूर्ती सांवळी'. मी एकटी पाण्याला जाणार नाही, माझ्यासोबत कुणाला तरी पाठवा. काळोख खोटा आहे असं ती म्हणत नाही. पाण्याला जायचं नाही असंही म्हणत नाही, घागर भरायचीच आहे. ज्याला ती सोबत मागते तोही काळाच आहे. तुझी आई 'दर्याकडे बघत बसू नको' म्हणते तेव्हा तिला बहुधा हेच म्हणायचं असतं. तिन्हीसांजेचं भय हा तिचा शब्द आहे. 'एकली' हा त्यातला अर्थ.

खोलात उतरणाऱ्या माणसांना मी लहानपणी जवळून पाहिलं आहे. आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. वैशाखात पाणी तळाला गेलं की बावीचा गाळ काढायचे. माझे वडील दोरी धरायला असायचे. कुणीही एकदम उतरायचं नाही. आधी पेटता कंदील दोरीने खाली सोडायचा. तो वरून लहान लहान होत जाताना दिसायचा, जांभ्याचे थर एकेक करून पिवळे व्हायचे, दगडांत वाढलेले नेचे दिसायचे. तळाशी कंदील जळत राहिला तर ठीक. मिणमिणला किंवा विझला तर खाली हवा वाईट आहे. मग त्या दिवशी काम बंद, किंवा आंब्याच्या डहाळ्या दोरीला बांधून वरखाली करायच्या, बादल्यांनी पाणी ओतायचं, हवा ढवळायची आणि पुन्हा कंदील. माणूस उतरला की वडील वरून त्याच्याशी बोलत राहायचे. काहीही. पावसाचं, कुणाच्या लग्नाचं, सुपारीच्या भावाचं. मला वाटायचं हे गप्पिष्ट आहेत म्हणून बोलतात. एकदा त्यांनी हात वर करून मला गप्प केलं, खालून उत्तर यायला एक क्षण उशीर झाला होता. ते विचारत बसले नाहीत, सगळ्यांनी मिळून दोरी ओढायला घेतली. माणूस वर आला, नुसता खोकत होता. मग कळलं की त्या गप्पा म्हणजे दुसरी दोरी होती.

नीत्शेचं वाक्य हे काठावरून खाली बघणाऱ्याचं आहे. ते खरं आहे, मी नाकारत नाही. पण तू काठावर बसून एकटक बघते आहेस. कंदील सोडला नाहीस, आणि दोरी कुणाच्याही हातात दिलेली नाहीस. मला हे पत्र लिहिलंस ती पहिली दोरी. पण मी लांब आहे, माझा कान तिथवर पोचत नाही. तुझ्या उत्तराला उशीर झाला तर ज्याला त्याच क्षणी कळेल असं माणूस घरातच हवं. आईला सांग. तिला 'गर्ता' समजावून सांगायची काही गरज नाही. 'बाबा गेल्यापासून माका काय गोड लागणा नाय' एवढं म्हण. तिचाही नवरा गेला आहे, बाय. दोघी एकाच घरात, एकाच माणसासाठी, वेगवेगळ्या कडांवर बसला आहात. तू संध्याकाळी सड्यावर असतेस तेव्हा ती घरात काय करत असते, हे तुझ्या पत्रात नाही.

आता कविता. लिहिणं थांबवू नकोस. पण सहा महिने 'गर्ता', 'अथांग', 'काळोख', 'शून्य' हे चार शब्द वापरायचे नाहीत. मी वर्गात असते तर लाल शाईने खोडले असते. त्यांच्या जागी तुझ्याकडे काय आहे ते लिही. बाबा आढीतला आंबा वासावरून कसा ओळखायचे? आंबे उतरवायचा झेला कुठल्या खुंटीला आहे? फवारणीची वही कुणाच्या अक्षरात आहे, आणि शेवटची नोंद कुठल्या तारखेची? ती नोंद उतरवून काढ, तशीच, एक शब्द न घालता. मला वाटतं तुला रडू येईल, आणि मग काहीतरी हललेलं असेल.

आपल्याच मातीतला कवी बघ, आरती प्रभू, म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर, १९३० साली बागलांची राय इथे जन्मलेला. त्याच्याइतकं अंधारात उतरलेला माणूस मराठीत विरळा. पण त्याच्या अंधाराला ओल्या मातीचा वास आहे, देवळातल्या तेलाचा वास आहे, त्यात माणसं वावरतात. या माणसाने कुडाळात खानावळ चालवली आहे, येणाऱ्याजाणाऱ्यांना जेवायला वाढलं आहे. तुझ्या कवितेत कुणी जेवत नाही.

आठव्या कवितेतली एक ओळ मात्र मी वहीत लिहून घेतली, ती पाण्यावर तरंगणाऱ्या चिपळीची. ती तू पाहिलेली आहेस, हे कळतं. तिथून पुढे लिही.

आता थंडी पडायला लागली आहे, वारा पडलेला असतो, खाडी सकाळी तेलासारखी दिसते. काका बोलावतात तर जा. जीव होत नाही म्हणतेस. जीव होण्याची वाट बघू नकोस, चप्पल घाल आणि निघ. पण क्रम लक्षात ठेव : आधी आईशी बोलणं, आधी डॉक्टर, मग होडी. अंगात जॅकेट घालायचं, काका नको म्हणाले तरी. आई येत असेल तर तिलाही घे. गरी सोडायच्या आधी काकांकडून शिशाची दोरी माग आणि खाडीच्या मध्यावर स्वतः सोडून बघ. हातातून दोरी सरकत जाईल, सरकत जाईल, आणि एका जागी ढिली पडेल. ते हाताला कळतं. मग हात फाकून मोजत वर घे.

किती वाव भरली ते मला कळव. आणि तुझ्या हातांनी मोजलीस की आईच्या, तेही लिही, दोघींच्या वावात फरक पडेल.

– तुझी मावशी